गोव्याच्या घरात इग्वानासाठी पिंजरा कसा बांधावा

इग्वाना या मोठ्या सरड्याच्या पिंजऱ्याचे जे आराखडे इंटरनेटवर सापडतात ते बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे घरात हिटर चालतो, हवा कोरडी पडते, म्हणून सगळी धडपड ऊब आणि ओल आत कोंडून धरण्याची असते. गोव्यात तसाच बंदिस्त पिंजरा बांधला तर जुलै सरायच्या आत प्लायच्या कडा फुगतात, कोपऱ्यांत बुरशी धरते आणि सतत ओल्या जागेवर बसून प्राण्याच्या पोटाच्या कातडीला फोड येतात. आपल्याकडे ऊब जवळजवळ फुकट आहे आणि ओल नको तेवढी आहे. म्हणून इथला पिंजरा आधी हवेशीर हवा, धुतल्यावर तासा-दोन तासांत सुकणारा हवा. आणि पावसाळ्यात ऊन मिळत नाही त्याची भरपाई दिव्याने व्हायला हवी. खालची मापे आणि सामान याच हिशेबाने दिले आहे.

लाकूड आणण्याआधी

हिरवा इग्वाना वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तो आपल्याकडे अनुसूची ४ मध्ये आला. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर त्याची नोंद पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. मृत्यू, पिल्ले किंवा हस्तांतर झाले तर तेही कळवावे लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर व्यवहार करू नका. आपली घोरपड ही वेगळी गोष्ट: ती अनुसूची १ मध्ये आहे, तिला घरात ठेवणे गुन्हा आहे. 'इग्वानाचे पिल्लू' म्हणून कोणी घोरपडीचे पिल्लू गळ्यात मारत नाही ना, हे नीट पाहून घ्या.

दुसरा विचार मापाचा. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू वीतभर असते. नीट वाढवले तर तेच जनावर काही वर्षांत शेपटीसह पाच-सहा फुटांचे होते आणि पंधरा-वीस वर्षे जगू शकते. इग्वाना झाडावर राहणारा प्राणी आहे, त्यामुळे लांबीइतकीच उंची महत्त्वाची. आतून ६ फूट लांब, ३ फूट खोल, ६ फूट उंच हे एका मोठ्या इग्वानासाठी कमीत कमी माप समजा. जागा असेल तर लांबी ८ फूट करा. खोली मात्र ३ फुटांपेक्षा कमी करू नका, नाहीतर त्याला वळताना शेपटी दुमडावी लागते. दोन नर एका पिंजऱ्यात कधीच ठेवायचे नाहीत.

जागा

पिंजरा हलवणे सोपे नाही, सगळे मिळून वजन शंभर किलोच्या पुढे जाते. म्हणून जागा आधी ठरवा. जिथून सतत माणसे ये-जा करतात ती वाट नको, स्वयंपाकघराला लागून नको (फोडणीचा धूर आणि तेलकट वाफ जाळीवर बसते), एसीच्या खोलीत तर नकोच. एसी हवा कोरडी आणि थंड दोन्ही करतो, मग वर सांगितलेला सगळा हिशेब उलटा होतो. मच्छरांची अगरबत्ती, कॉइल किंवा द्रवाचे मशीन लागते त्या खोलीतही ठेवू नका.

जुन्या चिऱ्याच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. भिंतीपासून किमान ४ इंच अंतर सोडा आणि पिंजरा जमिनीपासून ६ इंच वर पायांवर उभा करा. खालून हवा फिरते, झाडू जातो, वाळवी चढू लागली तर तिची मातीची नळी दिसते. चाके लावण्याचा मोह होतो, पण पायांचा एक मोठा फायदा आहे: मुंग्या. जुन्या घरांत जेवणाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तेच इथे करा. वाटीतल्या पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका आणि दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर त्या वाट्यांतच डास वाढतील. पायाचे टोक वाटीत ठेवण्याआधी त्याला पीव्हीसी पाइपची टोपी घाला, म्हणजे लाकूड पाणी शोषणार नाही.

हा पिंजरा ज्या खोलीत राहणार त्याच खोलीत जोडा. बाहेरून त्याची खोली साडेतीन फुटांच्या आसपास जाते आणि आतल्या खोल्यांचे दरवाजे बहुधा अडीच-तीन फुटांचे असतात. व्हरांड्यात बांधून तयार केलेला पिंजरा दारातून आत जात नाही, आणि मग तो पुन्हा खोलावा लागतो.

सामान

फ्रेमसाठी २ × २ इंचाची रीप, सागवान किंवा चांगली वाळलेली माट्टी, सुमारे ९० फूट. यात दहा टक्क्यांच्या आसपास वाया जाणे धरले आहे. ओली रीप घेऊ नका. वाळताना ती पिळते आणि दारे बसत नाहीत.

प्लाय मरीनच हवे, शीटवर आयएस ७१० असा शिक्का असलेले. तळासाठी १८ मिमीची एक शीट, बाकीसाठी १२ मिमीच्या तीन शीट, सगळ्या ८ × ४ फुटांच्या. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड वापरू नका. जुने कपाट रिकामे करून त्याचा पिंजरा करणारे पुष्कळ आहेत. तसले कपाट एका पावसाळ्यात पावासारखे फुगते आणि स्क्रू भुसा होऊन बाहेर येतात.

घर किनाऱ्याला लागून असेल, म्हणजे कळंगुट, बाणावली, मोरजी अशा पट्ट्यात, तर आमचे मत अॅल्युमिनियमच्या बाजूने आहे. खिडक्यांचे काम करणारा फॅब्रिकेटर याच मापाची फ्रेम आणि त्यात पीव्हीसी बोर्ड बसवून देतो. खर्च जास्त, पण बुरशी आणि वाळवी दोन्हींची चिंता मिटते. फोंडा, डिचोली, वाळपईकडे मरीन प्लाय नीट सील केले तर पुरते.

जाळी: अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड स्टेनलेस स्टील, ४ फूट रुंदीची, ८ फूट लांब. साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी खाऱ्या हवेत पांढरी भुकटी सोडते, ती जस्ताची असते. इग्वाना जीभ लावून लावूनच जग ओळखतो, त्यामुळे ते जस्त पोटात जाते. पीव्हीसीचा लेप असलेली जाळी बाजूंना चालते, पण छताला दिव्याखाली कधीच नको. लेप तापून वास सोडतो आणि वितळतो. मच्छरांची बारीक जाळी आतून लावली तर नखे अडकून तुटतात.

दारांसाठी ५ मिमी टफन्ड काच, दोन तुकडे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. फ्रेम उभी राहिल्यावर, दाराची चौकट करून, मगच माप द्या. मापात प्रत्येक बाजूने ३ मिमी कमी धरा.

बाकी: स्टेनलेस ३०४ चे स्क्रू (३८ मिमी आणि ६३ मिमी), ४ इंची स्टेनलेस बिजागऱ्या सहा, कोपऱ्यांसाठी स्टेनलेस एल-पट्ट्या चोवीस, कडी-कोयंडे चार, फिशटँकला वापरतात ते बुरशीनाशक न घातलेले सिलिकॉन तीन-चार ट्यूब, पाण्यात मिसळणारे पॉलियुरेथेन वार्निश दोन लिटर, ६ × ३ फुटांच्या तळावर चारही बाजूंनी ६ इंच वर वळेल एवढी व्हिनाइल शीट, म्हणजे ७ × ४ फूट. लोखंडी स्क्रू पैसे वाचवतात, पण दुसऱ्या वर्षी त्यांची डोकी गंजून गळतात आणि स्क्रू बाहेर काढता येत नाही.

फ्रेम आणि कापणी

हे काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये उरका. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते, वार्निश सुकत नाही, आणि मे महिन्यात फटी पडतात.

चार कोपऱ्यांचे उभे खांब ६ फूट १० इंचांचे कापा. त्यात खालचे ६ इंच पायांचे आहेत. आडव्या रिपा खांबांच्या मध्ये बसतात: ६ फुटांच्या पाच (मागे खाली-वर, पुढे खाली-वर, आणि पुढे तळापासून १ फुटावर एक), ३ फुटांच्या चार बाजूंना. शिवाय ३ फुटांच्या आणखी तीन: एक तळाखाली मध्यभागी आधाराला, एक छताच्या मध्यभागी, एक उजव्या बाजूला तळापासून दीड फुटावर. समोर बरोबर मध्यावर ५ फुटांचा एक उभा खांब. हा मधला खांब गाळू नका. तो छताला तोलून धरतो, दोन्ही दारे त्यावरच मिटतात, आणि पिल्लू लहान असताना त्याला टेकवून प्लायचा पडदा लावून पिंजरा अर्धा करता येतो.

सगळे जोड एल-पट्टी आणि स्क्रूने करा, डिंक लावू नका. पुढे घर बदलावे लागले तर फ्रेम सुटी करता येईल. प्रत्येक स्क्रूसाठी आधी बारीक ड्रिल मारा. सागवानाच्या टोकाला थेट स्क्रू घातला की रीप चिरते. फ्रेम उभी राहिली की दोन्ही कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आत्ताच सरळ करा, काचेची दारे हा फरक माफ करत नाहीत.

प्लाय फ्रेमच्या आतून बसते, म्हणजे आत रिपांच्या कडांवर घाण साचत नाही. कापणी अशी: १८ मिमीच्या शीटमधून तळ ६ × ३. पहिल्या १२ मिमी शीटमधून मागची भिंत ६ × ४. दुसरीतून मागच्या भिंतीचा उरलेला ६ × २ आणि उजव्या बाजूच्या खालचा ३ × १.५, तिसरीतून डावी भिंत ६ × ३ आणि पुढचा खालचा पट्टा ६ × १. छताचा उजवा अर्धा भाग ३ × ३ आणि बसायची फळी ३ × १.५ उरलेल्या तुकड्यांतून सहज निघतात. छताच्या भागाला एक जोड येतो, तो चालतो. तळाला मात्र जोड नको, पाणी तिथूनच खाली जाते. ही मापे कागदावरची आहेत. प्रत्येक तुकडा कापण्याआधी उभ्या फ्रेमवर टेपने पुन्हा मोजा.

आता सील करणे, आणि इथे घाई करू नका. बसवण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजू आणि मुख्य म्हणजे चारही कडा वार्निशने रंगवा. प्लाय पाणी पितो तो कडेतून. कडांना चार हात, सपाट भागाला तीन. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या आणि बारीक पॉलिश पेपर फिरवा. बसवताना पाडलेल्या प्रत्येक भोकातही वार्निशचा थेंब सोडा. शेवटच्या हातानंतर दोन आठवडे पंखा लावून ठेवा. नाक जवळ नेल्यावर वास येत असेल तर ते अजून सुकलेले नाही.

तळ आणि पाणी

व्हिनाइल शीट तळावर पसरून चारही बाजूंना ६ इंच वर वळवा. कोपरे कापू नका, पाकिटासारखी घडी घाला; कापलेल्या कोपऱ्यातून पाणी नेमके खाली जाते. वरच्या कडेला सिलिकॉनची सलग रेघ ओढा आणि तीन दिवस हात लावू नका. मग तळात बोटभर पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खालून हात फिरवून पाहा. ओल लागली तर आत्ताच लागलेली बरी.

तळावर वर्तमानपत्राशिवाय काही अंथरू नका. वाळू, भुसा, कोकोपीट जिभेला चिकटून पोटात जाते आणि आतडे तुंबते, शिवाय आपल्या हवेत ते सतत ओले राहते.

पाण्याचा टब ६० × ४० सेंमी, १५ सेंमी खोल असा घ्या. इग्वाना पाण्यात डुंबतो आणि बहुधा पाण्यातच शी करतो, म्हणजे हे पाणी रोज बदलायचे. भरलेला टब उचलून बाहेर काढणे फार दिवस जमत नाही, म्हणून टबाच्या तळाला बेसिनला लावतात ते सव्वा इंची वेस्ट कपलिंग बसवा, तळाच्या प्लायमधून पाइप खाली काढा आणि खाली बादली ठेवा. प्लायच्या भोकाभोवती व्हिनाइलवरून सिलिकॉनचा जाड कडा करा. टब आणि त्याची बादली स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. लहान मुलांच्या घरात हा नियम मोडू नका.

हवा

डाव्या अर्ध्या भागात, छताला ३ × ३ फुटांची जाळी, आणि दिवे तिच्यावर. उजवी बाजू दीड फुटांपासून वर पूर्ण जाळीची. समोरच्या खालच्या पट्ट्यात उजवीकडे, तळापासून ७ इंचांवर, २ फूट × ४ इंचांची एक खाच आणि तिला जाळी. दिवे डावीकडे हवा तापवतात, ती हवा छताच्या जाळीतून वर जाते आणि तिच्या जागी उजवीकडून व खालून ताजी हवा आत येते. म्हणजे दिवा लागलेला असेपर्यंत पिंजरा आपोआप श्वास घेतो.

रात्री दिवा बंद झाला की हे थांबते, आणि जुलैत नेमकी रात्रीच ओल जमते. त्यासाठी छताच्या जाळीच्या कोपऱ्यावर १२० मिमीचा संगणकातला १२ व्होल्टचा पंखा, हवा बाहेर ओढेल असा उलटा बसवा आणि टायमरने दर तासाला पंधरा मिनिटे चालवा. पात्यांना दोन्ही बाजूंनी जाळी हवी.

उजव्या बाजूच्या जाळीला बाहेरून नायलॉनची मच्छरजाळी वेल्क्रोने लावा. अर्धा इंचातून पाली आणि झुरळे आत जातात, त्यांची घाण खाण्यात पडते. छताच्या जाळीवर मात्र ही नायलॉन जाळी टाकू नका, कारण दिव्यातून येणारे यूव्हीबी (अतिनील किरण, त्यांच्याबद्दल पुढे येईल) ती आणखी अडवते.

दारे

दाराची चौकट २ × १ इंचाच्या पट्टीची, तिला खाच काढून काच सिलिकॉनवर बसवा. एका काचेचे वजन पंधरा किलोच्या आसपास भरते, त्यामुळे प्रत्येक दाराला तीन बिजागऱ्या. दार मिटल्यावर कुठेही ६ मिमीपेक्षा मोठी फट राहू नये. बोट अडकले तर इग्वाना ते ओढून तोडतो. प्रत्येक दाराला वर आणि खाली असे दोन कोयंडे लावा, एकावर भरवसा नको.

काचेच्या खालच्या १८ इंचांवर बाहेरून पारभासक कागद चिकटवा. नवीन इग्वानाला काच कळत नाही, तो नाक घासत राहतो आणि नाकाचे हाड उघडे पडते. माजावर आलेला नर काचेत स्वतःचे प्रतिबिंब पाहून त्यावर धडका मारतो. अशा दिवसांत कागद डोळ्यांच्या उंचीपर्यंत वाढवा.

सुटलेला इग्वाना ही फक्त तुमच्या घरापुरती गोष्ट राहत नाही. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको, तैवान इथे सुटलेल्या आणि सोडलेल्या पाळीव इग्वानांची रानात वस्ती झाली आहे, आणि गोव्याचे हवामान त्यांना त्याहून वाईट नाही. म्हणून कोयंडे पक्के, आणि पाळणे जमत नसेल तर वन खात्याला कळवा. बागेत, रानात सोडायचे नाही.

दिवे: इथेच बहुतेक पिंजरे फसतात

इग्वानाला कॅल्शियम पचवायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार होते यूव्हीबी किरणांनी. ते मिळाले नाहीत तर हाडे मऊ पडतात. जबडा रबरासारखा लागतो, मागचे पाय सुजल्यासारखे जाड दिसतात, पाय थरथरतात. ही लक्षणे दिसली की दिवा बदलून भागत नाही, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे लगेच न्या.

'टी ५ हाय आउटपुट', १२ टक्के यूव्हीबीची, रिफ्लेक्टरसह ३९ वॅटची नळी घ्या. ती ८५ सेंमीची असते आणि ३ फुटांच्या जाळीवर बरोबर बसते. जाळी यूव्हीबीचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त अडवते, म्हणून अंतर महत्त्वाचे: बसलेल्या प्राण्याची पाठ नळीपासून ३० सेंमीच्या आसपास यावी. पाठ फळीपासून १० सेंमी वर धरा, म्हणजे फळी जाळीखाली ४० सेंमीवर. यूव्ही निर्देशांक मोजायचे मीटर मिळाले तर पाठीच्या उंचीवर ३ ते ५ यायला हवा. नळी वरूनच हवी, बाजूला कधीच नको. भुवईची कडा वरच्या उजेडापासून डोळे झाकते, बाजूने आलेल्यापासून नाही.

दुकानात 'यूव्ही' म्हणून भलतेच गळ्यात पडते. माशा मारण्याच्या यंत्रातली निळी नळी यूव्हीए देते, तिचा इथे उपयोग नाही. पाणी शुद्ध करणारी किंवा जंतू मारणारी यूव्हीसी नळी तर प्राण्याचे आणि तुमचेही डोळे जाळते. खोक्यावर यूव्हीबीची टक्केवारी लिहिलेली नसेल तर ती नळी घेऊ नका. ही नळी उजेड देत राहते पण यूव्हीबी उतरत जाते. बारा महिन्यांनी बदला.

उष्णतेसाठी एक मोठा बल्ब नको. एकाच जागी कातडी भाजते आणि बाकीचे अंग गारच राहते. दोन हॅलोजन बल्ब एकमेकांपासून २५ सेंमीवर, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, जाळीच्या ५ ते ८ सेंमी वर टांगा. प्लास्टिकचा होल्डर तापून ठिसूळ होतो. फळीच्या पृष्ठभागावर ३५ ते ३८ अंश, पिंजऱ्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात २६ ते २८, असा फरक असला पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. गोव्यात याची मेख अशी की मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असते. त्या महिन्यांत दोन्ही बल्ब ५० वॅटचे पुरतात, जुलै-ऑगस्टमध्ये ७५ किंवा १०० लागतात. डिमर असलेला थर्मोस्टॅट लावला तर बल्ब बदलत बसावे लागत नाही. फळी ४० अंशांपुढे जाऊ देऊ नका.

दिवे बारा तास चालू, बारा तास बंद. रात्री लाल-निळे काही नको. पणजी, मडगावकडे रात्रीची उष्णता वेगळी द्यावी लागत नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा उतरतो, तिथे तारेच्या जाळीने झाकलेला १०० वॅटचा सिरॅमिक हिटर, थर्मोस्टॅट २३ अंशांवर. तापणारे 'हॉट रॉक' विकतात ते घेऊ नका. इग्वानाला पोटाखालची भाजणी वेळेवर कळत नाही.

वायर सगळी पिंजऱ्याबाहेरून न्या. प्लगच्या आधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे फवारलेले पाणी ओघळून प्लगमध्ये शिरणार नाही. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच, हवाच. जुन्या घरांत दोन पिनांचे, अर्थिंग नसलेले सॉकेट अजून आहेत. तिथे आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि अॅल्युमिनियमची फ्रेम असेल तर तिलाही अर्थ करून घ्या. टायमर बॅटरी असलेला डिजिटल घ्या. फिरत्या डायलचा टायमर वीज गेली की तेवढा मागे पडतो, आणि पावसाळ्यात आठवड्याभरात इग्वानाची पहाट दुपारी उजाडू लागते.

खऱ्या उन्हाबद्दल

पाऊस नसतो तेव्हा सकाळचे ऊन कुठल्याही नळीपेक्षा चांगले. ते चारही बाजूंनी जाळीच्या पिंजऱ्यातून, अर्धी सावली असलेल्या जागी द्या. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी नसतो, आणि काचेच्या पेटीत उन्हात ठेवलेला इग्वाना काही मिनिटांत तापून मरतो. घारी, कावळे, मांजरे आहेत, तेव्हा नजर हटवू नका.

फांद्या, फळी, झाडे

फांदी इग्वानाच्या अंगाएवढी जाड हवी. पेरूची सगळ्यात चांगली: कठीण, नखांना धरायला बरी, सालीत फारसा किडा नाही. काजूची फांदी गोव्यात हाताशी असते, पण तिच्या चिकाने कातडी भाजते, ती नको. कण्हेर, चाफा, शेर, रुई यांतले काहीच आत जाऊ देऊ नका. फांदी घासून, उकळते पाणी ओतून, दोन-तीन आठवडे उन्हात वाळवा. बांबू घसरतो, वापरायचाच असेल तर सुंभ घट्ट गुंडाळा, आणि पावसाळ्यात सुंभाला काळे डाग दिसले की लगेच काढून टाका.

प्रत्येक फांदी बाहेरून ८ मिमीच्या बोल्टने, रुंद वॉशरसह आवळा. दोन खिळ्यांवर टेकवलेली फांदी चार-पाच किलोच्या प्राण्याच्या उडीने निसटते. सर्वांत वरची फांदी थेट फळीवर यावी, आणि कोणतीही फांदी दिव्यापासून २५ सेंमीच्या आत नको. इग्वाना माणसाच्या डोळ्यांपेक्षा वर बसला की निवांत असतो, खाली बसवला तर तुम्ही जवळ आलात की दर वेळी पळतो.

फळीचे ब्रॅकेट बसवताना २-२ इंचांवर आणखी दोन भोके पाडून ठेवा. नवीन नळीची शक्ती वेगळी निघाली तर फळी वर-खाली करता येते.

आत एखादी जास्वंदीची कुंडी ठेवा. पाने-फुले तो खाईल, ते चालते. नर्सरीतून आणलेले रोप आधी महिनाभर बाहेर ठेवा, फवारणीचा अंश जायला हवा. दोन कुंड्या आलटून-पालटून वापरा. अळू कच्चे कधीच नको. तांबडी भाजी चालते पण रोज नाही, तिच्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवते. रोजच्या ताटात शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची पाने ठेवा.

प्राणी आत सोडण्याआधी

रिकामा पिंजरा आठवडाभर सगळे दिवे चालवून ठेवा. दोन डिजिटल थर्मामीटर-आर्द्रतामापक लावा, एक फळीजवळ, एक तळाशी. सकाळ, दुपार, रात्र आकडे लिहा. आर्द्रता दिवसा ६५ ते ७५ टक्के बरी. फळीजवळ ती तळापेक्षा कमी दिसेल, कारण तापलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता उतरते. तो बिघाड नाही. तळाचा आकडा दिवसाही ८५ च्या वर चिकटून राहत असेल तर पंखा अर्धा तास करा आणि फवारणी पूर्ण बंद. उलट मार्चमध्ये, खोलीच्या छताचा पंखा घरघरत असताना, ५० च्या खाली गेला तर सकाळ-संध्याकाळ फवारा मारा, पण रात्र पडायच्या आत सगळे सुकलेले हवे.

पिल्लू आणत असाल तर मधल्या खांबाला प्लायचा पडदा लावा आणि त्याला फक्त डावा अर्धा भाग द्या. मोठ्या पिंजऱ्यात लहान पिल्लाला खाणे सापडत नाही, दिव्यापर्यंत पोचता येत नाही. पडद्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला जाळीची एकेक खिडकी ठेवा, नाहीतर हवेचा प्रवाह तुटतो. सुमारे वर्षाने पडदा काढा.

दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस मोडा. सिलिकॉनची रेघ बोटाने दाबत जा, जिथे उचलली आहे तिथे कापून नवी भरा. कडांवरचे वार्निश निघाले असेल तिथे पॉलिश पेपर मारून पुन्हा दोन हात द्या. पंखा काढून त्याची पाती धुवा, ती वर्षभराच्या धुळीने जड झालेली असतात. फांद्यांचे बोल्ट आवळा. बुरशीचे डाग दिसले तर ब्लीचचे एक भाग ते दहा भाग पाण्याचे द्रावण वापरा, प्राणी दुसऱ्या खोलीत, आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा धुवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधी एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. नवीन यूव्हीबी नळी याच दिवशी बसवा आणि तिच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवा.